पाचशे मीटरवर थांबा आहे, पण बस आहे का? नकाशाच्या डेटावरून शहर बससेवा तपासताना

बससेवेचा नकाशा करायला बसलेला नवखा माणूस बहुधा एकच गोष्ट करतो. सगळे थांबे गोळा करतो, प्रत्येकाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढतो, वर्तुळांनी शहर भरलेलं दिसलं की ‘सेवा चांगली पसरली आहे’ असं लिहून मोकळा होतो. या नकाशात दिवसाला चार फेऱ्यांचा थांबा आणि स्वारगेट यांत काही फरक नसतो. शिवाय वर्तुळ नदी, रेल्वे रूळ, लष्करी हद्द आणि सोसायटीच्या भिंती सहज ओलांडतं. माणसाला ते जमत नाही.

खालची पद्धत या दोन्ही चुका टाळते. उदाहरण पुण्याचं आणि तिथल्या पीएमपी या बस कंपनीचं घेतलं आहे, पण नाशिक, नागपूर, कोल्हापूरला पायऱ्या त्याच. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, फुकट आणि मुक्त. साधा लॅपटॉप पुरतो. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी सगळं करता येतं, फक्त वेळ जास्त लागतो. एक सूचना आधीच: टॅग, फाइलींची नावं आणि मेनू प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

काय मोजायचं ते आधी कागदावर लिहा

‘बससेवा कशी आहे’ हा मोजता येणारा प्रश्न नाही. मोजता येणारे प्रश्न तीन: थांब्यापर्यंत चालत जाता येतं का, तिथे किती वेळाने बस येते, आणि त्या बसने कामाच्या ठिकाणी किती वेळात पोचता येतं. नवख्याने पहिल्या दोनवर थांबावं.

मापदंड स्वतः बनवण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ११.२.१ हा निर्देशांक बस थांब्यासाठी ५०० मीटर आणि मेट्रो-रेल्वेसाठी १ किलोमीटर चालण्याचं अंतर धरतो. आपल्याकडे केंद्रीय नगरविकास मंत्रालयाचे शहरी वाहतुकीचे सेवा-पातळी मापदंड २००९ पासून आहेत. त्यात दर हजार लोकांमागे ०.६ किंवा जास्त बस, दर चौरस किलोमीटरला १ किलोमीटर किंवा जास्त सेवामार्ग आणि सरासरी ४ मिनिटांपर्यंत प्रतीक्षा ही पहिली पातळी आहे. सरासरी प्रतीक्षा १० मिनिटांवर गेली की ती चौथी, म्हणजे सर्वांत खालची पातळी. हे आकडे जवळ ठेवा, कारण महापालिकेत कोणाशी बोलायचं तर त्यांच्याच मंत्रालयाचा मापदंड पुढे केलेला बरा.

हद्द

हे काम पाच मिनिटांचं वाटतं, पण इथली चूक शेवटच्या आकड्यापर्यंत सोबत येते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तुमच्याकडची हद्द २०१७ आधीची, लोकसंख्या आजची आणि मार्ग थेट गावांपर्यंत गेलेले असतील तर टक्केवारी निरर्थक. हद्दीच्या फाइलच्या नावातच वर्ष लिहा. दुसरं असं, की पीएमपी ही २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झालेली कंपनी आहे. एकाच महापालिकेचा अभ्यास करत असाल तर तसं शीर्षकात सांगा.

डेटा मात्र हद्दीच्या बाहेर १ किलोमीटरपर्यंत घ्या. काठावरच्या माणसाचा जवळचा थांबा पलीकडच्या हद्दीत असू शकतो. तो वगळला तर काठावरची सगळी वस्ती उगाच वंचित दिसते.

थांबे गोळा करणं

पहिला स्रोत ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे स्वयंसेवकांनी भरलेला जगाचा खुला नकाशा. त्यात प्रत्येक वस्तूला टॅग असतो: ‘की’ म्हणजे गुणाचं नाव, ‘व्हॅल्यू’ म्हणजे त्याची किंमत. क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम हे प्लगिन (जोड-साधन) घाला, ‘की’च्या जागी ‘हायवे’ आणि ‘व्हॅल्यू’च्या जागी ‘बस_स्टॉप’ द्या आणि तुमच्या हद्दीच्या लेअरचा विस्तार निवडा. मागणी अर्धवट तुटत असेल तर भाग मोठा आहे; शहराचे चार तुकडे करून उतरवा, किंवा जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची फाइल घेऊन त्यातून कापा. ‘पब्लिक_ट्रान्सपोर्ट’ या कीखाली ‘प्लॅटफॉर्म’ आणि ‘स्टॉप_पोझिशन’ अशा दोन व्हॅल्यू दिसतील. प्लॅटफॉर्म म्हणजे प्रवासी उभा राहतो ती जागा, स्टॉप_पोझिशन म्हणजे रस्त्यावर बस थांबते तो बिंदू. दुसरी घेऊ नका, नाहीतर एकच थांबा दोनदा मोजला जाईल.

दुसरा स्रोत जीटीएफएस. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही संस्था आणि गुगल यांनी मिळून सुरू केलेला हा वेळापत्रकाचा साचा आज जगभर चालतो. एका झिप फाइलमध्ये थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यांवरच्या वेळा आणि कोणत्या वारी काय चालतं याचं कॅलेंडर अशा साध्या मजकूर फाइली असतात. दिल्लीचं ओपन ट्रान्झिट डेटा संकेतस्थळ असा संच खुला ठेवतं. तुमच्या शहराचा हाती येईपर्यंत सरावाला तो घ्या.

तुमच्या शहराचा संच खुला नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून नेमकं मागा: थांब्यांची अक्षांश-रेखांशासह यादी, प्रत्येक मार्गावरच्या थांब्यांचा क्रम, सध्याचं वेळापत्रक. ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, सीएसव्ही किंवा एक्सेल’ हे शब्द अर्जात हवेतच. नाहीतर स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा मिळतो आणि ती पानं टाइप करण्यात महिना जातो. नियोजित आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्यांची आगारनिहाय मासिक माहिती वेगळ्या अर्जाने मागा. ती पुढे लागणार आहे.

आता साफसफाई. एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे जाईल असं धरून चाला.

फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. ‘००१२’ हा थांब्याचा क्रमांक ‘१२’ होतो आणि मग फेऱ्यांच्या फाइलशी जुळत नाही. लिबरऑफिसमध्ये आयात करताना सगळे स्तंभ ‘मजकूर’ म्हणून घ्या.

अक्षांश आणि रेखांश उलटे पडले आहेत का ते पहिल्या मिनिटाला पाहा. पुण्याचे थांबे १८.५ आणि ७३.८ च्या आसपास असतात. उलटे झाले तर तुमची पीएमपी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात धावताना दिसेल. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक म्हणजे थांब्याचा बिंदू रस्त्याच्या भलत्या बाजूला किंवा मागच्या गल्लीत असणं. थांबे आणि जवळचा बसमार्ग यांतलं अंतर काढा आणि ४० मीटरच्या वरचे सगळे उपग्रहचित्रावर एकेक करून बघा.

नावांवर विसंबून जोडणी करू नका. ‘मनपा’, ‘म.न.पा.’, ‘कॉर्पोरेशन’, ‘पुणे मनपा भवन’ ही सगळी एकाच परिसराची नावं असू शकतात. उलट ‘मारुती मंदिर’ किंवा ‘शाळा’ या नावाचे थांबे शहरभर सापडतील. आधी अंतराने गट करा, मग नावाने खात्री करा. क्यूजीआयएसमधलं डीबीस्कॅन क्लस्टरिंग त्यासाठी पुरतं: किमान आकार १, कमाल अंतर ८० मीटर. रस्त्याच्या दोन बाजूंचे जोडीचे थांबे एका गटात येतात. पण स्वारगेट, डेक्कन, शिवाजीनगर अशा दाट ठिकाणी एक थांबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला चिकटत साखळी वाढते आणि अर्ध्या किलोमीटरचा एकच ‘थांबा’ तयार होतो. ज्या गटाची लांबी १५० मीटरपेक्षा जास्त भरते, तो हाताने तोडा.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये थांबा नसेल तर तिथेच भरा, पुढच्या माणसाचं काम वाचेल. फक्त गुगल मॅप्सवर बघून भरू नका; परवान्यात ते बसत नाही. जागेवर जाऊन, किंवा संपादनासाठी परवानगी असलेल्या उपग्रहचित्रावरून भरा.

मोजमापाआधी प्रक्षेपण

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत; अशा पद्धती ईपीएसजी क्रमांकाने ओळखतात. उतरवलेला डेटा अंशांत असतो (ईपीएसजी ४३२६). त्यावर ‘५००’ चा बफर (वस्तूभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) दिला तर तो ५०० अंशांचा होतो. मग घाईत कोणी पार्श्वभूमीच्या वेब नकाशाचं ३८५७ वापरतो आणि बफर दिसायला ठीक येतो. हा घोटाळा जास्त वाईट, कारण तो लक्षात येत नाही. पुण्याच्या अक्षांशावर त्या प्रक्षेपणात अंतरं सुमारे साडेपाच टक्के फुगतात, म्हणजे तुमचे ५०० मीटर जमिनीवर ४७४ च भरतात आणि क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी कमी येतं.

‘रिप्रोजेक्ट लेअर’ वापरून सगळे थर (लेअर) मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये घ्या. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि सगळा गोवा यात बसतो. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गोंदिया इथे ३२६४४ लागतं. लेअरवर उजवं क्लिक करून फक्त ‘सेट सीआरएस’ बदलल्याने काहीही रूपांतर होत नाही, उलट डेटा भलत्या जागी फेकला जातो.

चालण्याचं खरं अंतर

५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस किलोमीटर. रस्ते अगदी काटकोनी जाळीचे असते तरी ५०० मीटर चालून पोचता येणारं क्षेत्र ०.५ चौरस किलोमीटरच भरतं, वर्तुळाच्या ६४ टक्के. आपल्या शहरांत जाळी कुठली? मुळा-मुठा, रेल्वेमार्ग, खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंट, वेताळ टेकडी, बाह्यवळण महामार्ग यांच्या कडेला प्रमाण आणखी घसरतं. म्हणून वर्तुळं फक्त पहिल्या अंदाजापुरती काढावीत. अहवालात ती देऊच नयेत असं आमचं मत आहे.

क्विकओएसएमने ‘हायवे’ की रिकाम्या व्हॅल्यूसह देऊन सगळे रस्ते घ्या. त्यातून ‘मोटरवे’ (द्रुतगती मार्ग) आणि त्याचे जोडरस्ते काढा. ‘ट्रंक’ (मोठे महामार्ग) सरसकट काढू नका. आपल्याकडे त्याच्या कडेने लोक चालतात आणि थांबेही त्यावरच असतात. ‘फूटवे’, ‘पाथ’, ‘स्टेप्स’, ‘सर्व्हिस’, ‘लिव्हिंग_स्ट्रीट’ ठेवा. ‘अॅक्सेस’ची व्हॅल्यू ‘प्रायव्हेट’ असेल ते काढा. उड्डाणपूल काढायचे म्हणून ‘ब्रिज = येस’ असलेलं सगळं उडवलं तर नदीवरचे पूलही जातात आणि कोथरूडचा नारायण पेठेशी संबंध तुटतो. उड्डाणपूल नजरेने, एकेक निवडून काढा. (पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. चार महिन्यांचा वेगळा नकाशा करायची हौस असेल तर तोही वगळून पाहा.)

आता प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘नेटवर्क अॅनालिसिस’खाली ‘सर्व्हिस एरिया (फ्रॉम लेअर)’. मार्गप्रकार ‘शॉर्टेस्ट’, प्रवासखर्च ५००, दिशेचा स्तंभ रिकामा, कारण पादचाऱ्याला एकेरी वाहतूक लागू नाही. जुळणीची सहनशीलता शून्यच राहू द्या. ती ५-१० मीटर केली की उड्डाणपूल खालच्या रस्त्याला चिकटतो. निकाल रेषांचा येतो, क्षेत्राचा नाही. त्या रेषांना ४० मीटरचा बफर देऊन ‘डिझॉल्व्ह’ने सगळं एकत्र करा. भूमिती सदोष असल्याची तक्रार आली तर आधी ‘फिक्स जॉमेट्रीज’ चालवा.

काही थांब्यांभोवती चिमूटभरच क्षेत्र येईल. कारणं बहुतेक वेळा दोन: थांबा जवळच्या उड्डाणपुलाच्या उरलेल्या रेषेला चिकटला, किंवा दोन रस्ते नकाशात एकमेकांना टेकलेले दिसतात पण त्यांचा सामाईक बिंदूच नाही. दुसरी दुरुस्ती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये करून डेटा पुन्हा उतरवा. मात्र वस्तीतल्या बोळांची नोंदच नसते तिथे नकाशा खोटं अंतर सांगतो. झोपडपट्ट्या, गावठाणं आणि टेकडीच्या उतारावरच्या वस्त्या याला हमखास बळी पडतात, आणि बसवर सर्वांत जास्त अवलंबून असलेले लोक तिथेच राहतात. त्या भागांची यादी आधी करून बोळ स्वतः भरा.

लोकसंख्या

ताजी प्रभागनिहाय जनगणना २०११ ची आहे: पुणे महापालिका सुमारे ३१ लाख २४ हजार, पिंपरी-चिंचवड सुमारे १७ लाख २७ हजार. प्रभागाची लोकसंख्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटू नका. टेकडीवर आणि लष्करी जमिनीवरही माणसं राहू लागतात. वर्ल्डपॉप या प्रकल्पाची लोकसंख्येच्या अंदाजाची १०० मीटर चौकटींची जाळी घ्या, त्यातही फक्त बांधकाम असलेल्या चौकटींत माणसं मांडणारी ‘कन्स्ट्रेन्ड’ आवृत्ती.

ही जाळी यूटीएममध्ये रूपांतरित करू नका. अशा चौकटींच्या थराचं (रास्टरचं) रूपांतर करताना चौकटींतले आकडे पुन्हा अंदाजले जातात आणि बेरीज बदलते. त्याऐवजी सेवाक्षेत्राचा थर परत ४३२६ मध्ये न्या आणि ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने बेरीज काढा. आधी पूर्ण हद्दीची बेरीज काढून ती पटण्याजोगी आहे का पाहा. जाळी हा गणिती अंदाज आहे. शहरासाठी टक्केवारी द्या, एखाद्या गल्लीसाठी ‘१,२४७ लोक वंचित’ असं लिहू नका.

फेऱ्या मोजणं

खरा निकाल इथे लागतो. एक साधा कामाचा दिवस निवडा, बुधवार बरा. कॅलेंडर फाइलमधून त्या दिवशीच्या सेवा, त्यांच्या फेऱ्या, त्या फेऱ्यांच्या थांब्यांवरच्या वेळा अशी जोडणी करा. सकाळी ७ ते १०, दुपारी १२ ते ३ आणि रात्री ९ ते ११ असे तीन तुकडे मोजा. रात्रीचा तुकडा सोडू नका; हॉटेलात, दुकानांत, दवाखान्यांत काम करणाऱ्यांची सेवा तिथे दिसते.

इथल्या खाचा बऱ्याच आहेत. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरची वेळ २५:१०:०० अशी लिहितात, ती चूक नाही. वेळ मजकूर म्हणून ठेवली तर ९:०५ ही १०:०५ नंतर लागते. आधी सगळ्या वेळा मिनिटांत बदला. ‘फ्रिक्वेन्सीज’ ही फाइल असेल तर एक नोंद म्हणजे अनेक फेऱ्या, त्या उलगडून मोजा. दोन्ही दिशा एकत्र केल्या तर सेवा दुप्पट दिसते. आणि थांब्यांचा गट केल्यावर एकच फेरी गटातल्या दोन थांब्यांवर मोजली जाते, म्हणून फेरीचा क्रमांक अनन्य ठेवून मोजा. काही संचांत मधल्या थांब्यांच्या वेळा पहिल्या आणि शेवटच्या वेळेवरून सरळ भागाकाराने भरलेल्या असतात. फेऱ्या मोजायला त्या चालतील, प्रवासवेळेला नाही.

मग थांब्यांचे वर्ग पाडा. सुरुवातीला एका दिशेने ताशी १२ किंवा जास्त फेऱ्या, ६ ते ११, २ ते ५, आणि २ पेक्षा कमी असे चार पुरेत. सर्वांत चांगल्या वर्गापासून सुरुवात करून प्रत्येक वर्गाचं चालण्याचं सेवाक्षेत्र वेगळं काढा, वरच्या वर्गाचं क्षेत्र खालच्यातून ‘डिफरन्स’ने वजा करा, प्रत्येकातली लोकसंख्या मोजा. ‘इतके टक्के लोक थांब्याजवळ’ या एका आकड्याच्या जागी चार आकडे येतात, आणि सकाळचा व रात्रीचा तक्ता शेजारी ठेवला की पुढचं बोलणं सोपं होतं.

एकाच रस्त्यावरून अनेक मार्ग जातात तिथे जरा थांबा. सातारा रस्त्यासारख्या पट्ट्यावर दर ३० मिनिटांनी धावणारे पाच मार्ग असतील तर त्या पट्ट्यातच उतरणाऱ्याला ताशी १० बस मिळतात, पण एका फाट्याच्या टोकाला जाणाऱ्याला दोनच. दोन्ही आकडे द्या.

सेवामार्गांची लांबी काढताना उलट काळजी: मंत्रालयाच्या मापदंडात बस धावते त्या रस्त्याची लांबी एकदाच मोजायची आहे, मार्गांची बेरीज नाही. शिवाय दुभाजक असलेला रस्ता ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन रेषांनी काढलेला असतो, तो एकच धरा. नाहीतर कोणत्याही मोठ्या शहराला फुकटात पहिली पातळी मिळते.

कागद आणि रस्ता

बस नियमित आली तर सरासरी प्रतीक्षा दोन बसमधल्या वेळेच्या निम्मी; म्हणजे ४ मिनिटांच्या पातळीला ८ मिनिटांची बस हवी. पण बस जोडीने येतात. समजा १५ मिनिटांची बस प्रत्यक्षात ५ आणि २५ मिनिटांच्या अंतराने येते. प्रत्येक अंतराला त्याच आकड्याने गुणा, बेरीज करा आणि अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा: (२५ + ६२५) ÷ ६० म्हणजे १०.८ मिनिटं. वेळापत्रकानुसार ती ७.५ असती. फेरी एकही कमी झाली नाही, तरी सेवा तिसऱ्या पातळीवरून चौथीवर गेली.

हे कळायला थांब्यावर उभं राहण्याला पर्याय नाही. प्रत्येक वर्गातून पाच-सहा थांबे निवडा, शहराच्या सगळ्या बाजूंचे. दोन जण, सलग दोन तास, सकाळच्या गर्दीत. नोंदवायचं इतकंच: वेळ, मार्ग क्रमांक, दिशा, बस थांबली की पुढे गेली, आत उभं राहायला जागा होती का. ‘पुढे गेली’ हा रकाना विसरू नका. भरलेली बस न थांबता जाते तेव्हा प्रवाशाच्या हिशेबात ती फेरी झालीच नाही. जाता जाता स्ट्रीटकम्प्लीट अॅपवर निवारा आणि बाक यांचीही नोंद होते.

तुमच्या मोजणीतल्या फेऱ्या आणि वेळापत्रकातल्या फेऱ्या यांचं गुणोत्तर आगाराच्या मासिक नोंदींशी ताडून पाहा. दोन्ही जवळपास जुळले तर आगारनिहाय गुणोत्तर लावून वर्ग पुन्हा पाडा. फार तफावत असेल तर तुमचे थांबे एकाच मार्गाच्या गडबडीत सापडले आहेत का ते आधी तपासा, मगच आगाराच्या नोंदींवर शंका घ्या.

अहवाल देताना

नकाशावर डेटा उतरवल्याची तारीख, हद्दीचं वर्ष, लोकसंख्येचा स्रोत आणि चालण्याचं अंतर लिहा. ‘© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ ही ओळ परवान्यानुसार बंधनकारक आहे. ४०० मीटर धरून निकाल किती बदलतो तेही एका ओळीत द्या. मेट्रो स्थानकं बसच्या थरात मिसळू नका, वेगळा थर ठेवा. पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये दोन तुकड्यांनी सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेली, त्यामुळे स्थानकांची यादीही तारखेसह हवी.

वाहतूक व्यवस्थापकाकडे किंवा नगरसेवकाकडे जाताना शहराचा रंगीत नकाशा दुय्यम समजा. दहा ओळींचा तक्ता न्या: वस्तीचं नाव, अंदाजे लोकसंख्या, जवळचा थांबा, चालण्याचं अंतर, सकाळच्या ताशी फेऱ्या, रात्री ९ नंतरच्या फेऱ्या, आणि जवळून जाणारा कोणता मार्ग किती मीटर वळवला तर फरक पडेल. सोबत थर जिओपॅकेज स्वरूपात एका फाइलमध्ये द्या, म्हणजे त्यांच्या तांत्रिक माणसाला तुमची बेरीज तपासता येईल.